पाटीतली बाभूळ

शेळके सरांशी पहिल्यांदा बोलणाऱ्या माणसाचा हमखास घोटाळा व्हायचा. आपण काही विचारावं, तर उत्तर देण्याआधीच ते मान हळूहळू डावीकडून उजवीकडे न्यायचे आणि परत डावीकडे. अगदी ‘नको, नको’ म्हटल्यासारखी. बदनापूरच्या स्टेशन रोडवरचे किराणावाले गोविंदशेठ एकदा वैतागून म्हणाले, "सर, काहीच न्हाई पाह्यजे तर दुकानात आले कशाला?"

सर हसले. "अहो शेठ, नको म्हणून न्हाई हालवली मान. तुमची बरणी किती लांब हाय ते बघून राह्यलो. धक्का लागून फुटली तर तुम्हीच वरडान."

ते खरंच बघत असत. लहानपणी मेंढरांमागे असताना बाभळीचा काटा लागून त्यांचा उजवा डोळा गेला होता. एका डोळ्याच्या माणसाला वस्तू दिसते, पण ती जवळ आहे की लांब, हे पटकन कळत नाही. मान हलवली की जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी सरकते, आणि त्या फरकावरून अंदाज येतो. हे त्यांनी मला आमच्या दोन घरांमधल्या कंपाउंडच्या भिंतीशी उभं राहून, समोरचा लिंब आणि त्याच्या मागची पाण्याची टाकी दाखवून समजावलं होतं. मी चाळिशीतली, कृषी संशोधन केंद्राच्या बियाणे प्रयोगशाळेत नोकरी करणारी बाई. पण त्या वेळी मला आठवीच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं.

चहा ओतताना ते किटलीची तोटी आधी कपाच्या काठाला टेकवायचे, मगच ओतायचे. कुणाला काही द्यायचं असलं की हात पुढे करून थांबायचे. घेणाऱ्यानं पुढे होऊन घ्यायचं. ओट्यावर बसताना हातानं ओटा चाचपायचे. हे सगळं इतकं सवयीचं झालं होतं, की नवख्या माणसाला ते फार सावकाश आणि फार अदबीचे गृहस्थ वाटत. अदबीचे ते होतेच. सावकाश मात्र नव्हते.

जाफराबादच्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर बदनापूरला आले ते बायकोसाठी. गयाबाईंना सारखं जालन्याला दवाखान्यात न्यावं लागे आणि इथून रेल्वे बरी पडे. पण घर बांधून झालं आणि थोड्याच दिवसांत गयाबाई गेल्या. मुलगी नाशिकला, तिची नोकरी, तिचा संसार. ती बोलवायची. सर जायचे आणि चार दिवसांत परत यायचे. "तिथं सगळे चांगले हायेत," ते म्हणत, "पर मला विचारतात, काय पाह्यजे? आता मला काय सांगता येतं काय पाह्यजे ते?"

त्यांच्या ‘पाटी’ची सुरुवात आष्टीच्या बाजारात झाली. कुणाच्या तरी लग्नाला गेले होते. बाजारात एक फोटोवाला बसला होता. त्याच्याकडे ती खरखरीत प्लास्टिकची चित्रं होती. एका बाजूनं गणपती, जरा सरकलं की लक्ष्मी. ती आपण सगळ्यांनी पाहिली आहेत आणि विसरलो आहोत. सर त्या चित्रापुढे मान हलवत जे उभे राहिले ते हलेचनात. शेवटी फोटोवाला म्हणाला, "काका, घ्यायचं असंल तर घ्या, न्हाई तर न्हाई म्हणा. कधीचं मुंडी हालवून राह्यले." सरांनी ते घेतलं. मला दाखवताना म्हणाले, "ताई, मान हालवली की बदलणारं चित्र. हे तर माह्यासाठीच केलंय की कुणीतरी."

त्या चित्रावर उभ्या बारीक पन्हाळ्या असतात. प्रत्येक पन्हाळी तिच्या खालच्या चित्राची एकेक पट्टी एकेका दिशेला पाठवते. सरांच्या डोक्यात आलं ते असं : दोन वेगळे देव पाठवण्याऐवजी एकाच वस्तूच्या सगळ्या बाजू पाठवल्या तर? डावीकडून बघणाऱ्याला डावी बाजू, उजवीकडून बघणाऱ्याला उजवी. मग ती वस्तू काचेच्या बाहेर येऊन उभी राहील, आणि तिच्यासाठी थ्रीडी सिनेमासारखा चष्मा लागणार नाही. त्यांनी जुना सपाट टीव्ही घेतला, त्यावर पन्हाळ्यांचे दोन पातळ, पारदर्शक पत्रे लावले, आणि बिघडलेल्या प्रिंटरची मोटर जोडून त्यातला एक पत्रा दुसऱ्यावर केसभर सरकत राहील अशी सोय केली. एक पत्रा स्थिर आणि एक सरकता, ही त्यांची स्वतःची युक्ती होती. त्यामुळे समोर कितीही माणसं उभी असली, कुठेही उभी असली, तरी प्रत्येकाला आपापल्या जागेवरची बाजू दिसे. याला ते पाटी म्हणत.

पण एक अडचण होती. त्यांना स्वतःला मान हलवून पाटीतली खोली दिसायची. दोन डोळ्यांच्या माणसाला ती कशी दिसते, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. गयाबाई असत्या तर त्यांनी सांगितलं असतं. आता भिंतीवरून हाक यायची, "ताई, जरा दोन डोळे उसने द्या."

मी जायची. खोलीत पडदे ओढलेले असत. पाटीत एक तांब्या आणि त्याच्यामागे लिंबू. "पुढं आला का तांब्या?" "आला." "किती?" "बोटभर." "लिंबू दिसतंय?" "वाकलं की दिसतंय." "दोन दोन दिसून राह्यलेत का?" "कड जरा दोनदा दिसते." हे ऐकून ते दुखणं कुठे आहे ते कळलेल्या डॉक्टरसारखे खूश व्हायचे.

खोटं कौतुक त्यांना सहन व्हायचं नाही. एकदा आमचे हे जालन्याहून संध्याकाळच्या गाडीनं आले होते. दमलेले, भुकेले. सरांनी बोलावलं म्हणून गेले. पाटीकडे एक नजर टाकून म्हणाले, "वा सर! एकदम बाहेर आलं की!"

सर मोटर बंद करत हळूच म्हणाले, "हे साधं चित्र हाय, साहेब. सपाट. मुद्दाम लावल्तं."

आमच्या ह्यांना पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. सर त्यांच्यावर रागावले नव्हते. भिंतीवरून चौकशी करायचे, भाजी द्यायचे. पण त्यांना बघायला बोलवायचं नाही, एवढं ठरलं. कॉलनीतले आणखी दोघेचौघे असेच गळाले. ज्यांना सरांचं मन राखायचं होतं, ते सगळे त्यांच्या उपयोगाचे राहिले नाहीत. बऱ्याच वेळा मला वाटे, हा माणूस एकटा आहे त्याला कारण त्याची ही चाळणी आहे. पण चाळणीचा धंदा मीही करते. बियाण्याला ती लागतेच.

एक दिवस मी विचारलं, "सर, तांब्या, लिंबू, अडकित्ता, हेच किती दिवस? गयाकाकूंचं करा ना एखादं."

त्यांची मान हलायची थांबली. म्हणाले, "ह्याला एकाच वस्तूचे पुष्कळ फोटो लागतात, ताई. पट्टीवर क्यामेरा सरकवत सरकवत, सगळ्या बाजूंनी. तिचे फोटो हायेत, पर सगळे समोरून. लग्नातला, रेशनकार्डाचा, दवाखान्याच्या कार्डावरचा. बाजूनं कुणी काढलाच न्हाई. जी बाजू कुणी बघितलीच न्हाई, तिला खोली कुठून आणू?"

मी नंतर हा विषय काढला नाही.

त्या हिवाळ्यात पाटी बरोबर झाली. तांब्याची कड एकच दिसायला लागली. मी तसं सांगितलं तेव्हा त्यांनी मला परत परत वेगवेगळ्या जागी उभं केलं, खाली बसवलं, एक डोळा झाकायला लावला. मग स्वतः खुर्चीत बसले आणि म्हणाले, "झालं मंग." पुढे काय करायचं, हे दोघांनाही सुचेना. मी चहा करून आणला.

थोड्याच दिवसांत जाफराबादच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. सरांना सत्काराचं बोलावणं आलं. सत्कार नको, पण पाटी घेऊन येतो, असं त्यांनी कळवलं. माझं माहेर जाफराबादच्या पुढे. मी निघालेच होते. गयाबाईंच्या गोधडीत पाटी गुंडाळून आम्ही काळीपिवळी जीपमध्ये मांडीवर आडवी धरून नेली. ड्रायव्हरनं विचारलं, "काय हाय, आरसा?" सर म्हणाले, "तसंच समज. हळू घे."

शाळेच्या फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ वहाणा हातात घेऊन उभे होते. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी. ते सखारामदादा, सरांचे थोरले भाऊ. जवळच्याच गावात राहायचे, अजून मेंढरं राखायचे. सरांनी निरोप धाडला होता. ज्या शाळेत धाकट्या भावानं जन्म काढला, तिच्या फाटकाच्या आत ते त्या दिवशी पहिल्यांदा आले. "वहाणा घाल की, दादा," सर म्हणाले. "असू दे," दादा म्हणाले. ते बोलले खरे, पण सरांकडे बघून नाही, जमिनीकडे बघून.

सभागृहात टेबलावर पाटी ठेवली. आधी तांब्या दाखवला. मग सरांनी नवं चित्र लावलं. बाभळीची फांदी. बारीक पानं, पिवळी फुलं आणि लांब पांढरे काटे. काटा करायला सगळ्यांत अवघड, त्यात पाटीची खरी परीक्षा, असं ते मला आधी म्हणाले होते. लोक पुढे झाले. फांदीच्या मागचं बघायला एकेकजण डावीकडे वाकायला लागला, उजवीकडे वाकायला लागला. थोड्या वेळात सगळं सभागृह सरांसारखी मान हलवत होतं. डॉक्टर झालेली पोरं, फौजदार झालेली पोरं, शाळेचे शिपाई, सगळे. सर ते बघत बाजूला उभे होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

मग गर्दीनं वाट दिली आणि दादा पुढे आले. सर पाटीला लागूनच उभे होते, मान पुढे काढून, कुणाला तरी काही समजावत. दादांनी पाटीकडे पाहिलं. फांदी बाहेर आलेली, तिचा शेंडा सरांच्या तोंडाजवळ. दादा एकदम झेपावले आणि त्यांनी आपला तळहात सरांच्या डाव्या डोळ्यापुढे आडवा धरला.

लोक हसले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मग हसू विरलं, कारण दादा हात काढेनात.

सरांनी त्यांचं मनगट धरलं. "दादा, लागत न्हाई रे. चित्र हाय ते."

"लागंन," दादा म्हणाले. "मागं सरक."

"लागत न्हाई, दादा."

"मागं सरक म्हन्तो ना!"

आणि साठी ओलांडलेले शेळके सर, भर सभेत, मुकाट्यानं दोन पावलं मागे सरकले.

माहेरी जायचं राहू देऊन मी सरांबरोबरच परतले; वाटेत पाटी मांडीवर धरून त्यांनी मला ते सांगितलं. लहानपणी दादा लांब काठीच्या आकडीनं बाभळीची फांदी खाली ओढत होते, मेंढरांना पाला मिळावा म्हणून. धाकटा खाली उभा. आकडी निसटली, फांदी उसळली. "मी रडलो न्हाई म्हणतात. तोच रडला," सर म्हणाले. "मंग मला शाळेत घातलं. एका डोळ्याचं पोरगं मेंढरं काय राखणार? त्यानं राखली, मी शिकलो. पर त्या दिवसापासून त्यानं माह्या तोंडाकडं बघितलं न्हाई. जेवायला बसला की ताटाकडं बघून जेवायचा. जाफराबादच्या घरी कधी आला न्हाई, बदनापूरच्या घरी आला न्हाई. आज बघितलं."

मग त्यांनी गोधडीची टोकं पाटीखाली नीट दुमडून घेतली.

मेळाव्यातल्याच कुणी विद्यार्थ्यानं सरांना पेटंट घ्यायला सांगितलं. त्यानंच संभाजीनगरच्या दाभाडे वकीलबाईंशी गाठ घालून दिली. या बाईंचं काम पेटंटचंच. पाटी बघून त्या खोलीत बराच वेळ मान हलवत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, हे मी करणार." अर्ज गेला. सरांना पेटंटचं फार काही नव्हतं. पण ‘शोधकर्ता’ या शब्दापुढे आपलं नाव छापून आलेलं त्यांना आवडलं. त्यांनी तो कागद मला भिंतीवरून दाखवला.

अर्ज प्रसिद्ध झाल्यावर हरकत आली. हरकत घेणारी कंपनी मोठी होती. दुकानांत, दवाखान्यांत लावायचे असले खोली दाखवणारे चित्रांचे पडदे ती बनवायची. तिची कागदपत्रं इंग्रजीत आणि विटेएवढी जाड. वकीलबाईंनी समजावून सांगितलं. कंपनीचं म्हणणं दोन प्रकारचं होतं. पहिलं, हे नवीन नाही. आमच्या पेटंटात हेच आहे. दुसरं, अर्ज करण्याआधीच या गृहस्थांनी हे चारचौघांत दाखवलं होतं. आधी जाहीर दाखवलेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही. पुरावा म्हणून मोबाइलवरचा एक व्हिडिओ जोडला होता. जाफराबादचा. कुणीतरी त्याच दिवशी कौतुकानं टाकलेला. त्यात पाटी होती, फांदी होती आणि दादांचा आडवा धरलेला हात होता.

निकाल लागेपर्यंत आता कुणालाही काही दाखवू नका, असं बाईंनी सरांना बजावलं. हे मात्र सरांना फार जड गेलं. पडदे ओढलेले राहिले. भिंतीवरून हाक येईनाशी झाली. कॉलनीतही कुजबुज सुरू झाली, की शेळके सरांची मोठ्या कंपनीशी केस चालू आहे. आणि केस म्हटलं की माणसं जशी लांबून जातात तशी लांबून जायला लागली. संध्याकाळी सर ओट्यावर बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "गाडी टायमावर हाय का?" त्यांना कुठेही जायचं नसे.

"आत काही चालू आहे का, सर?" मी एकदा विचारलं.

"चालू हाय. आता झाडच करून राह्यलो, आख्खं." मग थोडं थांबून म्हणाले, "पर दाखवायचंच न्हाई तर ते हाय का न्हाई, कसं कळावं?"

सुनावणी व्हिडिओवर होती. सरांकडे नेट धड चालत नसे, म्हणून आमच्या बैठकीच्या खोलीत लॅपटॉप मांडला. मी रजा घेतली. वकीलबाई संभाजीनगरहून आल्या होत्या. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, खुर्चीचा हात चाचपून बसले. बाईंनी त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, आता पुन्हा सांगितलं. "सर, दुसऱ्या मुद्द्यावर आपल्याला वाट आहे. चाचणीसाठी लोकांत दाखवणं भागच असेल, तर कायदा ते माफ करतो. आणि तुम्हाला ते भागच होतं. दोन डोळ्यांना कसं दिसतं, ते तुम्ही लोकांना विचारल्याशिवाय तुम्हाला कळणार कसं? तेव्हा विचारलं की म्हणायचं, जाफराबादला चाचणी होती. एवढंच. यात खोटं काही नाही."

सरांनी मान हलवली. ती त्यांची नेहमीचीच होती, त्यामुळे हो की नाही ते कळलं नाही.

पडद्यावर अधिकारी आले, कंपनीचे वकील आले. कामकाज इंग्रजीत, सर मराठीत बोलत आणि बाई ते सांगत. पहिल्या मुद्द्याला कंपनीचे वकील म्हणाले, आमचा पडदा कॅमेऱ्यानं बघणाऱ्याचे दोन डोळे शोधतो आणि प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र देतो. यांचं वेगळं काय आहे?

सर म्हणाले, "साहेब, ह्यांचा पडदा बघणारा कोण हाय ते आधी शोधतो. माह्या पाटीला ते ठाऊकच न्हाई. ती सगळीकडं सगळं पाठवून राह्यली. ज्यानं त्यानं आपल्या जागेवरून घ्यावं. आणि ह्यांच्या पडद्याला दोन डोळे लागतात. मला एकच हाय. ह्यांचा पडदा मला सपाट दिसंन. माह्या मला दिसतो."

अधिकाऱ्यांनी विचारलं, "आत्ता दाखवता येईल?"

सर हसले. "इथून तुम्हाला न्हाई दिसायचं, साहेब. मधी क्यामेरा हाय. त्याच्यातून खोली जात न्हाई. तुम्हाला बदनापूरला यावं लागंन."

अधिकारीही हसले. बाईंनी टेबलाखाली माझा हात दाबला. पहिला मुद्दा आपल्याकडे आला होता.

मग तो व्हिडिओ लावला. आमच्या बैठकीत, त्या छोट्या पडद्यावर, दादा पुन्हा झेपावले आणि त्यांनी पुन्हा हात धरला. हसण्याचा आवाज आला, टाळ्या आल्या. सर टक लावून बघत होते.

अधिकाऱ्यांनी सरळ विचारलं. हा चाचणीचा भाग होता का? हे गृहस्थ तुमच्या चाचणीसाठी बोलावले होते का?

बाई म्हणाल्या, "सर, सांगा."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. बाईंनी पुन्हा म्हटलं, "सर."

"न्हाई," सर म्हणाले. "चाचणी आधीच झाल्ती. घरी. ह्या ताईंनी केल्ती. ते माह्ये थोरले भाऊ हायेत. त्यांना दाखवायला गेल्तो."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. एक शब्दही त्यांनी इकडचा तिकडे केला नाही, हे मला त्यांचं फार मोठं वाटलं.

कामकाज संपल्यावर लॅपटॉप बंद झाला. बाई म्हणाल्या, "सर, एक शब्द होता फक्त."

"मला ठाऊक हाय, म्याडम. तुम्ही लई मेहनत केली." सर उठले, दाराची चौकट चाचपली. "पर तो शब्द म्हणलो असतो तर दादाला मी परीक्षेला बसवल्यासारखं झालं असतं. त्यानं इतक्या वर्सांनी माह्याकडं बघितलं, अन् मी सरकारला सांगू का, ते काचेचं काम बराबर हाय का, हे तपासायला बोलावल्तं म्हणून?"

निकाल आला तो तसाच आला. पाटी कंपनीच्या पडद्याहून वेगळी आहे, नवी आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण आधी जाहीर दाखवली होती, म्हणून अर्ज नामंजूर. पुढे अपील करता येईल, असं बाई म्हणाल्या. सरांनी नको म्हटलं. मग बाईंनी त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं, की आता हे पेटंट कंपनीलाही मिळणार नाही, ते कुणीही बनवू शकेल, ते सगळ्यांचं झालं.

"सगळ्यांचं," सर म्हणाले. त्या शब्दाशी काय करावं, हे त्यांना कळलं नसावं. तो कागद त्यांनी मला दाखवला नाही. मी बाईंकडून ऐकलं.

कसं कुणास ठाऊक, ही बातमी जाफराबादकडे गेली आणि जाताना तिचं भलतंच झालं. एका सकाळी सरांच्या फाटकाशी दादा उभे दिसले. वहाणा हातात. सर घरात होते. मी भिंतीपाशी कपडे वाळत घालत होते; मीच हाक मारली.

सर बाहेर आले. दादा म्हणाले, "पोरं म्हन्तेत, माह्या हातामुळं तुव्हं गेलं."

"कोण म्हणतं?"

"मोबाइलात माह्या हात हाय म्हन्तेत. आधी डोळा घेतला, आता हे."

सर पायऱ्या उतरून त्यांच्याजवळ गेले. "दादा, ऐक. लोकांना विचारलं की वा वा म्हणायचे. खरं कोण सांगतं? तू हात धरला, तवा मला कळलं, की काटा काटाच दिसतो म्हणून. तुव्ह्या हातामुळं गेलं न्हाई. तुव्ह्या हातामुळं कळलं."

सरांनी दादांच्या हातातल्या वहाणा काढून घेतल्या आणि दोघं आत गेले. मी निघताना भाकरीचा आणि ठेच्याचा वास येत होता. त्या दिवशी दादा कुणाकडे बघून जेवले, ते मला माहीत नाही. मी ऑफिसला गेले होते.

पुढच्याच थंडीत दादा गेले. सर दहाव्यासाठी म्हणून गेले आणि आले नाहीत. त्यांचं घर बंद राहिलं. लिंबाची पानं ओट्यावर साचली. मी अधूनमधून झाडून घ्यायची. एकदा दाभाडे बाईंचा फोन आला. कुठल्या तरी कॉलेजातले प्राध्यापक पाटी बघायला येऊ म्हणत होते, आणि सरांचा फोन लागत नव्हता. मी त्यांच्या मुलीचा नंबर दिला. मुलगी त्यांना म्हणाली, "बाबा काकांच्या गावीच असतात आता. या म्हटलं तर म्हणतात, येतो."

संक्रांतीनंतर मी माहेरी निघाले होते. जाफराबादच्या अलीकडे जीप थांबली. रस्त्यावर मेंढरं आली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी सहज खिडकीतून पाहिलं तर कळपाच्या मागे पांढरा शर्ट, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी. मी उतरले.

"सर!"

त्यांनी मान हलवली, मला ओळखलं. "ताई! माहेरी का? तूर कशी हाय औंदा तुमच्या केंद्रात?"

"बरी आहे. सर, घरी कधी येताय?"

"येतो ना. दादाची मेंढरं हायेत. त्याचं पोरगं वाळूजला कंपनीत. इकायचं म्हणतंय. मी म्हणलं, थांब जरा." ते कळपाकडे बघत होते. "लई अवघड काम हाय, ताई. ऐकतच न्हाईत माह्यं. त्यांना दादाचा आवाज लागतो."

"आणि पाटी?"

"हाय की. वहिनीच्या घरात, गोधडीत." मग एकदम त्यांना आठवलं. "आख्खं झाड झाल्तं, ताई. तुम्हाला दाखवायचं राह्यलं."

ड्रायव्हर ओरडला. मी जीपमध्ये बसले. मेंढरं रस्ता ओलांडून पलीकडच्या काढलेल्या कपाशीत शिरली आणि खाली नाल्याकडे पसरायला लागली. सर बांधावर चढले. त्यांनी तोंडापाशी हात धरला आणि हाक घातली. लांब, घशातून काढलेली, मेंढपाळाची हाक. ती त्यांची नव्हती. शिकवताना मुलांना गप्प करायला जो आवाज ते लावायचे तो नाही, भिंतीवरून मला हाक मारायचे तोही नाही. ती दादांची असणार. ते तिची नक्कल करत होते. एकदा घातली, मेंढरं चरतच राहिली. परत घातली. तिसऱ्यांदा आवाज मधेच फाटला.

जीप सुटली तेव्हा मागे एक म्हातारी मेंढी तेवढी थांबली होती आणि तोंड वर करून बांधाकडे बघत होती. सर काठी टेकत, सांभाळून, बांध उतरून तिच्याकडे निघाले होते.